मुक्त खेळाची तालीम

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्या पडवीत बसून सगळ्या गावाची उणीदुणी काढली त्या मित्रांजवळ नाही, आणि देवाजवळ तर नाहीच — आमच्याकडे देवाशी मोठ्याने बोलण्याचा मान ठरावीक घरांचा असतो, ते पुढे येईलच. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखीच्या माणसाला खरं सांगितलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यासमोर बसून चहा प्यावा लागतो.

तुम्ही शिक्षक असाल तर माझं व्याख्यान कदाचित ऐकलंही असेल. ‘बालशिक्षणात मुक्त खेळाचे स्थान’. टेबलावर बशी झाकलेला पाण्याचा पेला, मागे हार घातलेली तसबीर, समोर जेवून आलेल्या आणि डुलक्या आवरणाऱ्या शिक्षिका. मी सांगतो — मूल खेळतं तेव्हा ते शिकत असतं. शिक्षकाने बघावं, हात घालू नये. मोठ्या माणसाचा हात शिरला की खेळ मरतो आणि उरतो तो नाच. हे सगळं खरं आहे. माझा संताप तिथेच आहे. खोटं असतं तर मी ते कधीच विसरून गेलो असतो. पण अगदी खऱ्या गोष्टी सांगून मी इतकी वर्षं लबाडी करत आलो आहे — याला काय म्हणायचं?

त्या व्याख्यानात मी एका मुलीची गोष्ट सांगतो. टाळ्या तिथेच पडतात. ती गोष्ट खोटी आहे. मुलगी खरी आहे.

एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची वर्षं उलटली आणि आमच्या भागात अचानक सगळ्यांना लहान मुलांचा कळवळा आला. तोवर शाळेच्या वयाखालची पोरं घरापुढच्या खळ्यात, वाळूत, कोंबड्यांच्या मागे आपोआप वाढत असत. आता त्यांना बालवाडी हवी असं ठरलं. मी मालवणपासून खाडीच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. पुस्तकं वाचतो अशी माझी ख्याती होती, आणि पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला दुसरं काही काम नसतं अशी वरिष्ठांची समजूत. मला महिनाभराच्या शिबिराला पाठवलं. तिथे मिशीवाला मी एकटाच. बाकी सगळ्या बाया. टाळ्या वाजवत ‘उडे चिमणी भुर्र’ करताना माझं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

पण एक कबूल करतो — तिथलं बोलणं मला पटलं. मनापासून पटलं. आयुष्यभर मी डौलाची टिंगल करत आलो. पागोट्याची, खुर्चीची, हाराची, ‘दोन शब्द’ म्हणून तासभर चालणाऱ्या भाषणाची. आणि इथे कुणीतरी सांगत होतं की चार वर्षांच्या पोरापुढे शिक्षकाने आपला डौल उतरवून ठेवावा. गप्प बसावं. बघावं. मला वाटलं, हे तर माझंच शास्त्र!

गावात परत आलो तर बालवाडीला जागा म्हणजे मुंबईला गेलेल्या एका माणसाचा बंद मांगर — पूर्वी त्यात गवत आणि अवजारं ठेवत — आणि पुढचं सारवलेलं खळं. साहित्य म्हणजे शून्य. शिबिरात पाहिलेले रंगीत ठोकळे, मण्यांच्या चौकटी आमच्यापर्यंत कुठून येणार? आम्ही करवंट्या आणल्या, खुबे-शिंपल्या आणल्या, वाळू आणली, काजूच्या बिया आणल्या. बिया मात्र टिकत नसत. त्या शिक्षणाला लागण्याआधी भाजून खाल्ल्या जात. पाण्याला जाणाऱ्या बायका खळ्याच्या गडग्यावरून — दगडी कुंपणावरून — डोकावून विचारायच्या,

“काय मास्तरानू, आज कोण रडलां? पोरां काय तुमी?”

मी म्हणायचो, “आळीपाळीने.”

तिथेच चंद्री होती. पाच वर्षांची. सुभद्राची मुलगी. सुभद्रा खाडीच्या कडेला सोडणं — म्हणजे नारळाची कुजवलेली सालं — बडवून काथ्या काढायची. नवरा मुंबईला एका गोदामात. सुभद्राची जीभ तिखट, हे सगळ्या वाड्याला — आजूबाजूच्या वस्तीला — ठाऊक. पोरीला पहिल्या दिवशी घेऊन आली तेव्हा हात कमरेवर ठेवूनच उभी राहिली.

“माज्या चेडवाक वाचूक येवक व्हया, मास्तरानू. घोव माका पत्र धाडता, तां पोस्टमन वाचता, आणि सगळो वाडो आयकता. माज्या घोवान माका काय लिवलां, तां माज्या आदी शेजारणीक कळता. ह्यां काय बरां?”

मी तिला बालवाडीत वाचायला शिकवत नाहीत हे सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं नाही. “आज खेळांदे. फुडे वाचतला,” म्हणाली. पुढे मी शेकडो व्याख्यानं दिली, त्यांचा सारांश एवढाच होता.

चंद्री एकटी खेळायची. कोपऱ्यात बसून फणसाचं पान दोन्ही हातांत उघडून धरायची आणि ओठ हलवत राहायची. जवळ गेलं की ऐकू यायचं — “सर्व क्षेम… तब्येतीक जपा… वसरेचो खांब…” बापाच्या पत्रातलंच सगळं, ओसरीच्या खांबासकट. मध्येच पान उलटं करून मागची बाजू वाचायची. कधी हसायची. कधी पान घडी घालून कमरेला खोचायची आणि मग इकडेतिकडे बघायची — कुणी ऐकलं तर नाही? हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी शिबिरात ज्याच्याबद्दल ऐकलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी शहाण्यासारखा दूर बसून बघत होतो. तेवढे काही महिने मी बरा शिक्षक होतो. याचा पुरावा नाही, तुम्ही नाही मानलंत तरी चालेल.

मग समिती येणार असं कळलं.

जिल्ह्याच्या गावाहून साहेब, त्यांच्याबरोबर दोघं-तिघं जाणकार, आणि मुंबईत पैसा केलेले आमच्याच पंचक्रोशीतले एक गृहस्थ. त्यांना पसंत पडलं तर बालवाडी पक्की होणार होती. आणि — हे मी अजून म्हटलं नाही, म्हणून आता म्हणतो — नव्या शिक्षकांना तयार करण्यासाठी तालुक्याला केंद्र निघणार होतं. त्याला माणूस हवा होता. त्या खेड्यातून सुटायला मी किती आतुर होतो हे मला त्या वेळीही नीट माहीत होतं. उगीच भाबडेपणाचा आव कशाला आणू?

आता समितीला दाखवायचं काय? मुक्त खेळ. पण मुक्त खेळ दिसतो कसा ते पाहिलंय तुम्ही? दोन पोरं एका करवंटीसाठी भांडतात. एक वाळू खातं. एक झोपतं. एक मुलगी पान धरून पुटपुटते. याला बघून कुठला साहेब ‘वा’ म्हणेल? तो घड्याळ बघेल. खऱ्या गोष्टीला रूप नसतं, आणि समितीला रूप लागतं.

म्हणून मी मुक्त खेळाची तालीम घेतली.

हसू नका. किंवा हसा. हल्ली सगळेच घेतात. मी कित्येक ठिकाणी पाहुणा म्हणून जाऊन ‘उत्स्फूर्त’ खेळ बघितले आहेत आणि तिसऱ्या ओळीत पोर चुकलं की बाईंचे ओठ आपोआप हलताना पाहिले आहेत. माझं अंग संतापाने जळतं. पण बोलणार कुठल्या तोंडाने?

आमच्याकडे कुठलंही चांगलं काम सुरू करताना ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. मानाचा गावकर देवापुढे उभा राहून ठसक्यात देवाला हाक मारतो, गावाचं मागणं सांगतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. गाव आणि देव यांच्यातलं ते उघड बोलणं असतं. आमच्या गावात हा मान दाजींच्या घराण्याचा. दाजी म्हणजे उपरण्याची घडी मोडू नये म्हणून मान न वळवणारा माणूस. गाऱ्हाण्याआधी ते तीनदा खाकरायचे आणि त्या खाकरण्यालाही लोक हात जोडायचे. मला ते सहन होत नसे. मित्रांच्या पडवीत मी दाजींची नक्कल करत असे. उत्तम करत असे. पण पडवीतच.

मला वाटलं — मुलांनी गाऱ्हाण्याचा खेळ केला तर? खळ्यातला एक दगड देव. शिंपल्यांचा नैवेद्य. एक मूल गावकर, बाकीची ‘व्हय म्हाराजा’. स्थानिक जीवनाचं प्रतिबिंब, अनुकरणातून शिक्षण — समितीचे शब्द मला पाठ होते. आणि गावकर कोण? चंद्री. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. मुलगी गावकर होते हे तर पाहुण्यांना आणखीच आवडेल.

मी तिच्या हातातलं पान काढून घेतलं. हे सांगितलं पाहिजे. ‘आता हा नको, दुसरा खेळ खेळू,’ असं म्हणालो आणि पान काढून घेतलं.

रोज मुलं घरी गेली की तिला थांबवून घेत असे. “बा देवा म्हाराजा! बारा राठी, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ही जी काय पोरांटोरां तुज्या पायाकडे इली आसत, तेंका खाऊ गावांदे, तेंची शाळा चलांदे रे म्हाराजा!” ती धाडधाड म्हणायची. मग मी तिला खाकरायला शिकवलं. दाजींसारखं — तीनदा, तिसरं लांब. मान न वळवता उभं राहायला शिकवलं. आणि शेवटच्या वाक्याआधी, माझ्या लेखणीला खाज सुटली म्हणून, एक ओळ जोडली —

“आणि आमच्या गावकाराक नारळाची थोरली वाटी आणि कोंबड्याची तंगडी गावांदे रे म्हाराजा!”

देवाच्या प्रसादातल्या मानकऱ्यांच्या वाट्यावरून गावात कुजबुज असायचीच. मी नवीन काही म्हटलं नव्हतं. जे मला दाजींच्या तोंडावर म्हणायची छाती नव्हती, ते पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडात घातलं, एवढंच. तिला त्यातलं काय कळत होतं? तंगडी म्हटल्यावर मी हसतो, हे कळत होतं. म्हणून ती ते जास्तच ठसक्यात म्हणायची.

तो दिवस. माडाच्या झावळ्यांची कमान, शाळेतून उचलून आणलेली बाकं, गावात होत्या तेवढ्या हाताच्या खुर्च्या. खुर्च्या पाहुण्यांनी भरल्या आणि दाजींना बाकाचं टोक आलं. आणि एक गोष्ट मी केली नव्हती. कार्यक्रमाआधी दाजींना गाऱ्हाणं घालायला बोलावलंच नव्हतं. साहेबांना वेळ कमी, आणि अशा आधुनिक कार्यक्रमात ते कशाला — असं मी स्वतःशी म्हटलं. म्हणजे बघा, खरं गाऱ्हाणं गाळलं आणि त्याची नक्कल मांडली. आमच्या गावचा कुठलाही शहाणा माणूस ही चूक करणार नाही. ती करायला माझ्याइतकी पुस्तकं वाचावी लागतात.

दाजी तरीही आले होते. उपरणं घालून. कदाचित आयत्या वेळी कुणी म्हणेल या आशेने. घसा साफ करून बसले होते. हे मला दिसलं होतं.

मुलं खळ्यात सोडली. थोडी वाळू, थोडी करवंट्या, आणि मग मी ठरल्याप्रमाणे नाक खाजवलं. चंद्री दगडापुढे जाऊन उभी राहिली. खाकरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लांब.

गडग्यावरच्या बायकांत पहिलं हसू फुटलं. मग बाकांवर. ‘व्हय म्हाराजा’ पोरांबरोबर मोठी माणसंही म्हणू लागली. पाहुण्यांना दाजी कोण ते ठाऊक नव्हतं, पण हसण्याची लागण होते, तेही हसले. आणि ती तंगडीची ओळ आली. मुंबईचे गृहस्थ मांडीवर थाप मारून हसले. साहेब शेजारच्या जाणकाराला म्हणाले, “काय बारीक निरीक्षण आहे पाहा मुलांचं!”

निरीक्षण! पाच वर्षांच्या पोरीला मानकऱ्याच्या वाट्यावर कोटी सुचेल का हो? एवढे शिकलेले लोक बसले होते. एकालाही हा प्रश्न पडला नाही. इतकी वर्षं झाली, मला अजून त्यांचा राग येतो. माझी लबाडी त्यांनी पकडायला हवी होती — बघा, याचाही दोष मी त्यांच्यावर टाकतो आहे.

प्रश्न पडला तो दाजींना. ते उठले. हसू थांबलं.

“मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “ह्यां तेका कोणी शिकयल्यान?”

 साहेब माझ्याकडे बघत होते. उत्सुकतेने, शास्त्रीय उत्सुकतेने. आणि चंद्री — तिचं अजून एक वाक्य राहिलं होतं. ते तिला आठवत नव्हतं. तालमीत अडली की बघायची तशी ती माझ्याकडे बघत होती, मी ओठ हलवून सांगेन म्हणून.

मी साहेबांकडे वळलो आणि शुद्ध, कचेरीच्या मराठीत म्हणालो, “आम्ही इथे काहीच शिकवत नाही. हा मुक्त खेळ आहे. मूल घरी जे ऐकतं, तेच खेळात उमटतं.”

घरी जे ऐकतं.

‘मला माहीत नाही’ एवढंही म्हणता आलं असतं. ‘मी शिकवलं’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? साहेब नाराज झाले असते, दाजींनी माझी चार दिवस शोभा केली असती, मी नारळ ठेवून पाया पडलो असतो आणि आणखी काही वर्षं त्या गावात काढली असती. बस. त्याहून अधिक काही नाही. मी ते इतक्यांदा मोजून पाहिलं आहे. पण मी नुसतं खोटं बोललो नाही. जे शास्त्र मला मनापासून पटलं होतं त्याचंच अत्यंत बरोबर वाक्य काढलं आणि एका काथ्या बडवणाऱ्या बाईच्या दारात नेऊन टाकलं. साहेबांनी मान डोलावली. जाणकाराने ते वाक्य टिपून घेतलं.

 दाजी उपरणं सावरून निघून गेले. सुभद्राची जीभ तिखट होती. दाजी आणि सगळा गाव, दोघांनाही माझं वाक्य लगेच पटलं.

त्याच आठवड्यात सुभद्राला देवळात बोलावलं. देवाची आणि मानाची टवाळी घरातून पोरीच्या कानावर घातली म्हणून. तिने नारळ ठेवला. दाजींनीच गाऱ्हाणं घातलं — चुकलंमाकलं पदरात घे म्हणून — आणि मीही मागच्या रांगेत उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. मग कुणीतरी म्हणालं, ज्या शाळेत पोर असली अक्कल शिकतं तिथे ते धाडायचंच कशाला? पोर घरी राहिलेलं बरं. यालाही सगळे ‘खरां आसा’ म्हणाले. कुणी बंदी घातली नाही. आमच्याकडे बंदी घालावी लागत नाही. सुभद्रा एकटी बाई, नवरा मुंबईला, खाडीकाठी सोडणं बडवायला तिच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना. तिला गावात राहायचं होतं. चंद्री बालवाडीत आली नाही. पुढे शाळेतही गेली नाही, हे मला मागाहून कळलं.

सुभद्रा एकदा माझ्याकडे आली होती. मांगराच्या दारात उभी राहिली. या वेळी हात कमरेवर नव्हते.

“मास्तरानू, मी घराकडे असां कधी बोललंय नाय. देवाशपथ. मी चेडवाक मारून मारून इचारलंय, कोणी शिकयला गो तुका? तां म्हणता, मास्तरान. माका आणखी राग इलो. मास्तर असां कित्याक शिकयतलो? खोटां बोलता म्हणान आणखी मारलंय.” मग म्हणाली, “तुमी दाजींका सांगलास तर आयकतीत. सांगशात?”

ती माझ्यावर संशय घ्यायला आली नव्हती. माझी मदत मागायला आली होती. पोरीने खरं सांगितलं होतं आणि त्यासाठी मार खाल्ला होता, हे मला त्या दारात, त्या बाईच्या तोंडून कळलं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “बघू.” शिक्षकाच्या तोंडी हा शब्द फार असतो.

मी बघितलं नाही. मला तालुक्याचं केंद्र मिळालं. पावसाळ्याआधीच मी गाव सोडलं.

आणि तिथे पहिल्याच व्याख्यानात उदाहरण हवं होतं. काय सांगितलं असेल? ‘एका खेड्यात एक पाच वर्षांची मुलगी होती. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं…’ लोक हसले. टाळ्या पडल्या. मग दर वर्षी. मी खाकरूनही दाखवत असे. तंगडीची ओळ मी ‘निर्भय बालमनाचा आविष्कार’ म्हणून सांगत असे. फणसाच्या पानाबद्दल कधी बोललो नाही. ते पान खरं होतं, आणि त्याच्याबद्दल बोलायचं तर ते कुणी काढून घेतलं हेही सांगावं लागलं असतं.

तुम्ही म्हणाल, इथे संपलं. कबुली झाली. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की माझा गुन्हा तो — खळ्यातलं ते वाक्य. तो लपवण्याइतका मोठा आहे, पण त्यात निदान घाबरटपणा आहे. साहेब समोर होते, गाव समोर होतं, माणूस अवसान गमावतो. मी स्वतःला असं समजावत आलो. ज्याबद्दल हे लिहायला बसलो, ते अजून राहिलंच आहे. ते अलीकडचं आहे. तेव्हा साहेब नव्हते. गाव नव्हतं. कुणी नव्हतं.

मालवणच्या एस.टी. स्टँडवर दुपारी गाडीची वाट पाहत होतो. व्याख्यानाहूनच येत होतो, गळ्यातला हार पिशवीत. एक तरुण बाई, नवी नवरी असावी, हातात बोचकं, जवळ येऊन म्हणाली, “ही कणकवलीची काय ओ?” गाडीच्या कपाळावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. मी म्हणालो, हो. ती चढायला निघाली आणि वळली.

“मास्तर ना तुमी? माका वळाकलास नाय? मी चंद्री. सुभद्राचा चेडू. खाडयेकडचा.”

मी काय म्हणालो आठवत नाही. आई कशी आहे असं विचारलं असेन, कारण ती म्हणाली, “आवस गेली. दोन वर्सां झाली.” मग तिने बोचकं खाली ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“तुमका एक सांगूचां होतां, मास्तर. ल्हानपणी मी देवाची मस्करी केलंय, तुमका सायबाफुडे खाली मान घालूची लागली. माका आता धड आठवणा पण नाय. पण आवस मरापर्यंत सांगी, भेटले तर मास्तरांचे पाय धर. कित्याक तर तेव्हा मी तुमचां नाव घेतलंय म्हणे. मास्तरान शिकयला म्हणान. खोटां बोललंय.”

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा होता. स्टँडवर शेंगदाणेवाला ओरडत होता. ती माझ्यासमोर उभी होती. जी गोष्ट तिने जगात सगळ्यांत आधी आणि एकटीने खरी सांगितली होती, ती खोटी होती अशी तिची आता खात्री झाली होती. ती खात्री करून द्यायला तिच्या आईला आयुष्य लागलं. ती मोडायला मला एक वाक्य लागलं असतं. फार मोठं नाही. तिच्याच भाषेत, तीन शब्दांचं.

मी म्हणालो, “असूं दे गो. ल्हान होतंस तू.”

तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. ती वाकली. मी वाकू दिलं. डोक्यावर हात ठेवून ‘सुखी रव’ म्हणालो, आणि तिने बोचकं उचललं, आणि मी तिला खिडकीजवळची जागा मिळेपर्यंत उभा राहिलो, मोठ्या मनाच्या माणसाने राहावं तसा.